पास कुणाला द्यायचा?

29 ऑगस्ट जवळ आला की झाशीतल्या शाळांत भाषणं पाठ करून घेतली जातात. हॉकीपटू मेजर ध्यानचंदांचा हा जन्मदिवस, म्हणून देशाचा राष्ट्रीय क्रीडा दिन. ध्यानचंद जन्मले अलाहाबादला. पण वाढले, राहिले झाशीत आणि 1979 च्या डिसेंबरात त्यांना शेवटचा निरोप दिला गेला तो झाशीच्याच हीरोज मैदानावर. गावात त्यांना कोणी मेजर म्हणत नाही. दद्दा म्हणतात. भाषणांत तीन ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं येतात, बर्लिनमध्ये जर्मनीवर मिळवलेला 8-1 असा विजय येतो आणि टाळ्या पडतात.

मला मात्र त्यांनी न केलेला एक गोल जास्त मोलाचा वाटतो. 1933 साली कलकत्त्यात बेटन कपचा अंतिम सामना होता, झाशी हीरोज विरुद्ध कलकत्ता कस्टम्स. कस्टम्सवाले चढाईवर चढाई करत होते. ध्यानचंदांना एकदाची वाट सापडली आणि मैदानाच्या मध्यावरून त्यांनी इस्माईलला लांब पास दिला. इस्माईल चेंडू घेऊन उरलेलं अर्धं मैदान धावला आणि सामन्यातला एकुलता एक गोल झाला. पुढे आत्मचरित्र लिहिताना ध्यानचंदांनी आपला सर्वांत चांगला सामना म्हणून हाच निवडला. ऑलिंपिकमधला एकही नाही.

शाळेत नाना घरची मुलं येतात, त्यांची एकमेकांशी मैत्री व्हावी, याबद्दल कुणाचं दुमत नाही. प्रार्थनेच्या वेळी तसं रोज बजावलंही जातं. माझं म्हणणं असं, की बजावून मैत्री होत नसते. समोरच्याला पास दिल्याशिवाय आपलंही अडतं, अशी वेळ महिनोन्महिने आली तर ती होते. अशी वेळ आणायची जागा शाळेजवळ आहे. तिला आपण 'सहशालेय उपक्रम' असं सरकारी नाव दिलं आणि वेळापत्रकाच्या शेपटीला बांधून टाकलं. झाशीबद्दल लिहितो आहे, कारण मी तिथे शिकलो. पुण्या-नागपूरच्या वाचकाला यात आपली शाळा ओळखू आली, तर तो दोष माझा नाही.

मुद्दा 1 : एका वर्गात बसवलं म्हणजे काम झालं, असं नाही

मराठी माणसाला झाशी म्हटलं की राणी आठवते. आमच्या घरी झाशी म्हटलं की वर्कशॉपचा भोंगा आठवतो. वडील रेल्वेत होते, भुसावळहून बदलून आले. 1951 मध्ये मध्य रेल्वे झाली तेव्हापासून 2003 साली उत्तर मध्य रेल्वे वेगळी निघेपर्यंत झाशी विभागाचा कारभार मुंबईच्या बोरीबंदरातून चालायचा, आणि त्याआधी जीआयपी रेल्वेच्या काळातही सूत्रं मुंबईतच होती. त्यामुळे आमच्याकडची बिऱ्हाडं झाशीला येत-जात राहिली. शिवाय शहरात जुनी मराठी घरं होती, नारोशंकरांच्या सुभेदारीपासूनची आणि राणीच्या सासरच्या नेवाळकरांच्या राज्यातली. (नाशिकला गोदेच्या काठी ज्यांचं देऊळ आणि घंटा आहे, तेच हे झाशीचे सुभेदार नारोशंकर.) त्या घरांतली मराठी बुंदेलीत इतकी मुरलेली, की आपण 'हो' म्हणतो आहोत की 'हओ', हे त्यांचं त्यांनाही कळत नसे.

आमच्या वर्गात रेल्वे कॉलनीतली मुलं होती, छावणीतल्या फौजींची होती, दरवाज्यांच्या आतल्या जुन्या शहरातली होती आणि आसपासच्या खेड्यांतून सायकलीवर येणारी होती. भाषा पाच-सहा, धर्म तीन-चार. बाहेरच्या पाहुण्याला दाखवायला झकास वर्ग. पण डबा खायच्या सुट्टीत वर्गाचे चार गोल व्हायचे आणि प्रत्येक गोलाची जागा ठरलेली असायची. कुणी कुणाशी भांडत नसे, कुणी कुणाला वाईट बोलत नसे. फक्त गोल ठरलेले होते. दोन वर्षं एका वर्गात काढून मला आमच्या हॉकी संघाच्या गोलकीपरचं आडनाव माहीत होतं, हजेरीत रोज ऐकायचो म्हणून. त्याचं घर कुठे आहे, हे माहीत नव्हतं.

मुद्दा 2 : संघ कोण पाडतो, ते आधी बघा

खेळामुळे माणसं जवळ येतात, हे वाक्य अर्धं खरं आहे. खेळामुळे माणसं लांबही जातात. कोणत्या बाजूला उभं केलं, त्यावर ते ठरतं.

उत्तर प्रदेशाच्याच ग्रामीण भागात मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने हे नीट तपासून पाहिलं. त्याचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या जातींचे 1,261 तरुण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, की कोण महिनाभराच्या क्रिकेट लीगमध्ये खेळणार आणि कोण नाही. खेळणाऱ्यांतले काही संघ एकाच जातीचे, काही मिसळलेले. विरुद्ध संघ कोणता यायचा, तेही नशिबावर. महिन्यानंतर दिसलं ते असं : जे दुसऱ्या जातीच्या पोरांबरोबर एका संघात खेळले, त्यांची जातीबाहेर मैत्री वाढली आणि आपल्याच जातीला झुकतं माप देण्याची सवय कमी झाली. जे दुसऱ्या जातीच्या संघाविरुद्ध खेळले, त्यांच्यात बहुतेक बाबतींत उलटं घडलं. बॅट तीच, चेंडू तोच, मैदानही तेच.

हा धडा आपल्याकडे लोकांनी प्रयोगाविनाच गिरवला होता. मुंबईची चौरंगी आणि 1937 पासूनची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा आठवा. पारशी, हिंदू, मुसलमान, युरोपियन, आणि यांत न बसणारे ते 'रेस्ट', म्हणजे उरलेसुरले. सांगलीचे विजय हजारे मराठी ख्रिस्ती, म्हणून ते उरल्यासुरल्यांत. 1943-44 च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्यांच्या संघाच्या 387 धावा झाल्या, त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. आकडा ऐकून आजही छाती फुगते. पण ती खेळी प्रेक्षकांतल्या बहुतेकांच्या लेखी 'त्यांच्या' बाजूची होती. स्पर्धा 1946 साली बंद पडली. 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कप्तान हजारेच होते. माणूस तोच, मधल्या काळात फक्त संघ पाडायची रीत बदलली.

आता शाळेकडे या. 'अ' तुकडी विरुद्ध 'क' तुकडी असा सामना लावताना 'अ' मध्ये कोण आहेत आणि 'क' मध्ये कोण, हे कुणी पाहतं का? तुकड्या गुणांवर पाडलेल्या असतात, नाहीतर माध्यमावर. गुण आणि माध्यम घरच्या परिस्थितीवर. म्हणजे वर्षातून एकदा मोठ्या उत्साहाने आपण बंगलेवाल्यांना चाळवाल्यांविरुद्ध उतरवतो आणि त्याला खिलाडूवृत्ती म्हणतो. कर्णधारांनी आळीपाळीने गडी निवडायची पद्धतही तितकीच वाईट. त्यात शेवटी कोण उरतं, हे प्रत्येक मैदानावर आधीच माहीत असतं, आणि सर्वांत आधी ते त्या उरणाऱ्याला माहीत असतं.

आमच्या हॉकीच्या मास्साबांनी, म्हणजे मास्तरांनी, यावर एक साधा उपाय केला होता. काठ्या गोळा करायचे, डोळे मिटून दोन ढीग करायचे. ज्याची काठी ज्या ढिगात, तो त्या बाजूला. रोज नवे ढीग. काठीला जात नसते, असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की पोरं निवडत बसली तर अंधार पडतो.

मुद्दा 3 : वेशभूषेतली विविधता

स्नेहसंमेलनात एक मुलगी नऊवारी नेसते, एक मुलगा भांगडा करतो, एक केरळचा, एक काश्मीरचा. मग सगळे हात धरून उभे राहतात आणि फोटो निघतो. 2015 मध्ये जाहीर झालेल्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' उपक्रमात राज्यांच्या जोड्या लावल्या, त्यात उत्तर प्रदेशाच्या वाट्याला अरुणाचल आणि मेघालय आले, महाराष्ट्राला ओडिशा. कल्पना चांगली आहे. पण झाशीचा मुलगा मेघालयावर दहा ओळी लिहून मोकळा होतो आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या घरी सणाला काय रांधतात हे त्याला दहावीपर्यंत कळत नाही, तेव्हा लांबची विविधता सोपी असते म्हणूनच आपण ती धरली, अशी शंका येते.

झाशीच्या शाळांत यापेक्षा भारी गोष्ट हाताशी आहे. राणीचं नाटक. सुभद्राकुमारी चौहानांच्या कवितेपासून वृंदावनलाल वर्मांच्या कादंबरीपर्यंत सामग्रीला तोटा नाही, आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेत ते होतंच. या नाटकातली माणसं बघा. राणी मराठी, काशीत जन्मलेली, बिठूरला वाढलेली. तिच्यासारखी दिसणारी झलकारीबाई कोरी समाजातली. तोफेवर गुलाम गौस खान. त्याच्यासोबत खुदाबक्ष. आणि मोतीबाई, जी राणीचे पती गंगाधरराव यांच्या नाटकमंडळीत काम करायची असं सांगतात. गंगाधररावांना नाटकाचा नाद होता, हे तर विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मधूनही कळतं. गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी किल्ल्यातच आहेत, एकमेकींना लागून. मार्च 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजचा वेढा पडला तेव्हा ही सगळी मंडळी एका तटाच्या आत होती. मैत्रीचा धडा म्हणून याहून वेगळं काही लिहायची गरज नाही.

आणि आपण ते कसं बसवतो? राणी व्हायची ती गोरी, उंच, चांगल्या घरातली आणि 'शुद्ध' हिंदी बोलणारी. (घरी मराठी बोलणाऱ्या राणीची हिंदी किती शुद्ध असेल, हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता. उत्तर म्हणून पाठीत धपाटा मिळाला.) झलकारी म्हणजे वर्गातली सावळी मुलगी. गुलाम गौस म्हणजे वर्गातला मुसलमान मुलगा, त्याला अभिनय येवो न येवो. खेड्यातून येणारी, बुंदेली बोलणारी पोरं पडदा ओढायला. ज्या नाटकात सगळे एका तटाच्या आत आहेत, त्याच्या तालमीत आपण मुलांना पुन्हा चार गोलांत बसवतो.

आमच्या वर्षी मात्र पडद्यामागे एक गंमत झाली. तोफ बनवायचं काम ज्यांना संवाद मिळाले नाहीत अशा आम्हा सहाजणांकडे होतं. डांबराचं रिकामं पिंप, त्याला सायकलची दोन चाकं. तीन आठवडे शाळा सुटल्यावर आम्ही ते पिंप घासत, रंगवत, एकमेकांवर ओरडत होतो. प्रयोगाच्या दिवशी तोफेचं एक चाक निखळलं आणि तोफ गडगडत इंग्रजांच्या बाजूला जाऊन पडली. प्रेक्षकांना वाटलं, असंच बसवलं आहे, टाळ्या पडल्या. त्या वर्षीची राणी कोण होती, हे मला आता आठवत नाही. ते सहाजण आठवतात.

मुद्दा 4 : वर्गणी

हा मुद्दा छोटा आहे, कारण यात वाद घालण्यासारखं काही नाही. पोशाखाचं भाडं, बुटांचे पैसे, सहलीची वर्गणी, शाळेची बस निघून गेल्यावर घरी जायची रिक्षा. उपक्रम 'ऐच्छिक' आहे असं परिपत्रकात लिहिलेलं असतं. इच्छा कुणाला परवडते, ते लिहिलेलं नसतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळेत 25 टक्के जागांवर गरीब घरची मुलं येतात. सकाळी ती वर्गात दिसतात, दुपारच्या सरावाला गायब असतात. आणि मग त्यांना 'इंटरेस्ट' नाही असा शेरा पडतो.

मुद्दा 5 : गरीब मुलं आल्याने बाकीच्यांचं नुकसान होतं का?

पालक हे उघड विचारत नाहीत, पण प्रवेशाच्या रांगेत कुजबुज हीच असते. याला मोजून काढलेलं उत्तर आहे. दिल्लीतल्या ज्या खासगी शाळांना सरकारी जमिनी स्वस्तात मिळाल्या होत्या, त्यांना 2007 पासून गरीब मुलांना जागा द्याव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला; तो 2019 साली छापून आला. गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं जास्त उदार झाली, गरीब मुलांशी खेळायला-भेटायला जास्त राजी झाली. हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. इंग्रजीत थोडी घट दिसली, तीही सांगायला हवी.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितलं : जास्त वेगाने धावणारा गरीब मुलगा की हळू धावणारा आपल्यातला? बक्षिसाचे पैसे समोर असूनही काहींनी हळू धावणारा 'आपला' निवडला. म्हणजे हरणं पत्करलं, पण परक्याच्या हातात बॅटन दिली नाही. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती, त्यांनी हा वेडेपणा कमी केला. दुसरी गोष्ट, काही शाळांत अभ्यासाचे छोटे गट नावाच्या आद्याक्षराप्रमाणे पाडले होते. ज्यांच्या गटात योगायोगाने गरीब मुलं आली, त्यांच्यात बदल ठळक दिसला. एका छपराखाली असण्यापेक्षा एका गटात असणं जास्त काम करतं. आद्याक्षर म्हणजे आमच्या मास्साबांचा काठ्यांचा ढीगच.

मुद्दा 6 : बरुआसागर

झाशीहून थोड्याच अंतरावर बरुआसागर आहे. आल्यासाठी प्रसिद्ध, मोठा तलाव. 1744 मध्ये इथे मराठे आणि बुंदेले एकमेकांशी लढले होते. आज त्याच गावात जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय आहे.

नवोदयची योजना 1985-86 मध्ये दोन शाळांनी सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. प्रवेश परीक्षा घेऊन बहुतांश जागा ग्रामीण मुलांना. राहणं, खाणं, पुस्तकं सरकारी. माझ्या दृष्टीने या शाळांतल्या दोन गोष्टी लाख मोलाच्या आहेत. पहिली, नववीतल्या 30 टक्के मुलांची अदलाबदल : हिंदी भागातली मुलं बिगरहिंदी भागात आणि तिकडची इकडे. दुसरी, सदनं. अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी. देशभरातल्या नवोदयमध्ये हीच चार नावं. जात नाही, भाषा नाही, गुण नाहीत, डोंगरांची नावं. मुलगा कुठूनही येवो, तो नीलगिरीचा होतो आणि नीलगिरीच्या खो-खोत त्याच्यावाचून अडतं. नवोदयच्या जुन्या विद्यार्थ्याला कधीही भेटा, गाव सांगण्याआधी तो सदन सांगतो.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी असताना कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहायचे. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडले. पुढे 1924 मध्ये त्यांनी साताऱ्याला बोर्डिंग काढलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. 1927 मध्ये गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. पंगतीचं कौतुक सगळे करतात. पण मुलांनी तिथे लाकडं फोडली, पाणी भरलं, स्वयंपाक केला, हे मला पंगतीइतकंच महत्त्वाचं वाटतं. नुसत्या जेवणाने काम होत नाही. 1954 साली अमेरिकेत मुझफ्फर शेरीफ यांनी मुलांच्या शिबिरात दोन गट पाडून पाहिलं होतं. वैर आल्यावर त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि ते सुरू करायला सगळ्यांना एकत्र राबावं लागलं, तेव्हा कुठे सूर जुळू लागले.

आमचं स्काउटचं शिबिर ओरछाला बेतवेकाठी होतं. रात्री पाऊस झाला, लाकडं भिजली. आठजणांच्या टोळीला रांधायचं होतं गक्कड आणि भर्ता. मी रेल्वे क्वार्टरमधला, स्टोव्हवर वाढलेला. मला ओली लाकडं पेटवता येईनात. खेड्यातून येणारा एक मुलगा होता, ज्याच्याशी मी वर्षभरात चार वाक्यं बोललो नसेन. त्याने मला बाजूला केलं, कुठून तरी कोरड्या गोवऱ्या पैदा केल्या आणि फुंकर मारत म्हणाला, "काय भैया, रेल में कोयला नईं झोंकत का तुमाए बाप?" सगळे हसले. मीही. माझे वडील कारकून होते, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मुद्दा 7 : मुलींना मैदानाबाहेर ठेवून कसली मैत्री?

वर लिहिलेलं जवळजवळ सगळं मुलांचं आहे, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. माझ्याही लक्षात फार उशिरा आलं. आठवीनंतर मैदानावर मुली दिसेनाशा होतात. उशीर होतो, घरचे नाही म्हणतात, कपडे बदलायला जागा नसते. मुलींचा सहशालेय उपक्रम म्हणजे पाहुण्यांना ओवाळणं आणि फलकावर रांगोळी, एवढाच उरतो.

पण बुंदेलखंडातल्या मुलींचे स्वतःचे खेळ आहेत, शाळेने न शिकवलेले. पितृपक्षात मामुलिया. बोरीची काटेरी फांदी घ्यायची, काट्याकाट्यावर फुलं खोचायची, घरोघर नाचवायची आणि शेवटी पाण्यात सोडायची. लगेच नवरात्रात नौरता, ज्याला सुअटाही म्हणतात. पहाटे अंगणात रंग भरून आकृत्या काढायच्या, गाणी म्हणायची. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या घरी भोंडला असायचा. पाटावर हत्ती, भोवती फेर, शेवटी खिरापत ओळखायची. आमच्या क्वार्टरच्या अंगणात बहिणीचा फेर आणि कुंपणापलीकडे शेजारणींचा नौरता. दोन वर्षं एकमेकींकडे बघून झालं. तिसऱ्या वर्षी खिरापत ओळखायला पलीकडच्या मुली कुंपण ओलांडून आल्या आणि त्यांना एकही पदार्थ ओळखता आला नाही. पुढच्या वर्षी पाटावर हत्तीच्या शेजारी नौरत्याच्या आकृत्या होत्या. हे शाळेच्या पटांगणात का होऊ नये? चपेटा, म्हणजे आपले सागरगोटे, आंतरशालेय स्पर्धेत का असू नयेत? आणि मैदान मुलींसाठी आठवड्यातले तीन दिवस राखून ठेवायला कोणाची परवानगी लागते?

मुद्दा 8 : 'अभ्यास बुडतो'

बुडत नाही. खेळाचा तास गणिताच्या सरांनी घेतल्याने गणित सुधारलं, असा एकही वर्ग मी पाहिलेला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि सहशालेय असा कडक भेद ठेवायचा नाही असं म्हटलं आहे, सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे सुचवले आहेत. कागद आपल्या बाजूचा आहे. खरा अडथळा वेगळा : संध्याकाळी चार ते सात मुलं शिकवणीला असतात आणि शिकवणीत सगळे एकाच फीच्या पातळीतले भेटतात. म्हणून हे सगळं शाळेच्या वेळेतच व्हायला हवं. शाळा सुटल्यानंतरचा उपक्रम म्हणजे ज्यांना सवड आणि सवारी आहे त्यांचा उपक्रम.

मुद्दा 9 : मागायचं काय आणि कोणाकडे

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बहुतेक पालकांना आपण सभासद आहोत हे सही करतानाच कळतं. त्या सभेत पुढच्या वेळी एवढंच विचारा : संघ कसे पाडता? चिठ्ठ्या टाकून पाडा. एक संघ निदान एक सत्र टिकू द्या, दर आठवड्याला मोडू नका. (रोज ढीग करणाऱ्या मास्साबांशी माझा इथे मतभेद आहे. रोज नव्या गड्याबरोबर खेळलं की हाक मारायला नाव कळतं, खोड्या कळायला महिने लागतात.) कर्णधार आळीपाळीने. साहित्य शाळेचं, घरून काही आणायचं नाही. नाटकात कोणाला कोणती भूमिका, ते आवाज ऐकून ठरवा, चेहरा आणि आडनाव बघून नको. खासगी शाळेत समिती नसेल तर पालकसभेत विचारा. फी देणाऱ्याला प्रश्न विचारायची तेवढी तरी सोय असते.

भांडणं होतील. एका संघात असलेली मुलं परक्यांपेक्षा जास्त भांडतात, कारण त्यांचं एकमेकांवर काहीतरी अवलंबून असतं. शिक्षकांनी ती लगेच मिटवायला धावू नये. पण भांडणात जात, धर्म, बापाचा धंदा निघाला, तर त्याच क्षणी खेळ थांबवावा. आमचे मास्साब शिट्टी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी खाली बसवायचे. पंधरा मिनिटं. कोण बोललं ते विचारायचे नाहीत.

मुद्दा 10 : फाटकाबाहेर

शाळेतली मैत्री फाटकाशी थांबली, तर ती अर्धीच. पण तिला ढकलून घरी नेता येत नाही. तिला काहीतरी निमित्त लागतं.

आमचं निमित्त 15 मार्च 1975. शनिवार. क्वालालंपूरला हॉकीच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान, आणि संघात आपल्या दद्दांचा मुलगा अशोककुमार. परीक्षा तोंडावर होती. माझ्या घरचा रेडिओ नेमका दुरुस्तीला. मी सायकल काढली आणि सैंयर गेटच्या आत शिरलो. गोलकीपरने सकाळीच सांगून ठेवलं होतं, आमच्याकडे मर्फी आहे, या सगळे. गल्ली अरुंद, घर त्याहून अरुंद. खोलीत आमचा अख्खा संघ मांडीला मांडी लावून बसलेला, वर त्याचे काका, दारात शेजारी. ओरछाचा तो गोवऱ्यावाला पोरगाही होता, खेड्यातून बारा मैल सायकल मारून आलेला.

मी दारात घुटमळलो. चपला कुठे काढायच्या, कळेना. आतून गोलकीपरच्या अम्मीने विचारलं, कौन है? कोणीतरी सांगितलं, राईट-इन है.

"तो बाहर काहे खड़ा है," त्या म्हणाल्या.

आत सरकून बसलो. अशोककुमारचा फटका खांबाच्या आतल्या कोपऱ्याला लागून बाहेर आला, पाकिस्तानी खेळाडू गोल नाही म्हणून वाद घालू लागले, पंचाने गोल दिला. 2-1. त्या खोलीत काय झालं ते लिहिता येणार नाही. कोणीतरी माझ्या पायावर उभं होतं, कोणाचा तरी चहा माझ्या सदऱ्यावर सांडला होता. घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. आईने सदरा बघून विचारलं, कुठे होतास? मी तिला पहिल्यांदा त्याचं नाव सांगितलं, आडनाव सोडून.